झोपाळ्याच्या चौकटीतली गिरणी

मुलुंडच्या आमच्या शाळेत त्या शनिवारी वसुधा आली ती हात हलवत. ना रंग, ना ब्रश... मुलं हिरमुसलीच.

साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असेल. मी तिथे चित्रकलेची बाई होते. वसुधा माझी कॉलेजातली मैत्रीण. ती शिल्पं करायची, पण तारा, पत्रे, जुनी दारं असल्या गोष्टींची. "माझ्या मुलांनी जिवंत आर्टिस्ट पाहिलेला नाही गं, ये ना," म्हणून मी तिच्या मागे लागले होते. आणि परवानगीसाठी हेडसरांच्या मागे... ते जास्त अवघड होतं.

वसुधानं गॅदरिंगसाठी मुलांना एकच काम दिलं. घरात जी वस्तू आता कुणी वापरत नाही, पण टाकवतही नाही... ती घेऊन या.

पुढच्या शनिवारी काय काय आलं! छत्रीच्या काड्या, बंद पडलेलं घड्याळ, कुणाच्या आजीचा फुटका चष्मा. आठवीतली संगीता परब मात्र रिकाम्या हातानं आली.

तिचे वडील कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संप झाला आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. आता ते साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये पडेल ते काम करत होते. पण गिरणीतल्या लाकडी बॉबिन, सूत गुंडाळायच्या, वीतभर लांबीच्या, त्यांनी घरी देवाच्या फळीवर जपून ठेवल्या होत्या. "बाबा हात लावू देत नाहीत," संगीता म्हणाली.

"मग नको आणूस," वसुधा पटकन म्हणाली.

पण त्याच्या पुढच्या शनिवारी पोरगी पिशवी भरून बॉबिन घेऊन हजर! घरी काय बोलणं झालं कुणास ठाऊक... बरोबर वडिलांचा निरोप होता. गॅदरिंग झालं की परत द्या, आणि त्या दिवशी मी बघायला येणार.

शाळेच्या मागच्या अंगणात झोपाळ्याची लोखंडी चौकट होती. झोपाळा कधीच तुटलेला. मुलांनी त्या चौकटीत आडव्या-उभ्या सुतळ्या बांधल्या, आणि सगळ्या वस्तू त्यात लटकवल्या. मधोमध संगीताच्या बॉबिन. वारा आला की त्या एकमेकींवर आपटायच्या... खटखट, खटखट. नुसतं ऐकत उभं राहावं असं वाटायचं.

हेडसर बघायला आले. "टाकाऊतून टिकाऊ का?" म्हणाले. मग म्हणाले, "पण याचा अर्थ काय?"

वसुधानं मुलांकडे बोट दाखवलं. शेवटी संगीताच बोलली... "सर, बाबांच्या गिरणीत आता आवाज नाही. म्हणून इथे केला."

सर हसले, छान छान म्हणाले आणि गेले. मला वाटलं, जमलं यार आपल्याला! ड्रॉइंगचा तास म्हणजे फक्त मार्कांचा विषय, हे आता तरी संपेल...

गॅदरिंगच्या दिवशी सकाळपासून मी हॉलमध्ये मुलींचे मेकअप करत होते. दुपारी संगीता आईवडिलांना घेऊन आली. वडील इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, अर्धा दिवस रजा टाकून आलेले. आम्ही सगळे मागे गेलो... चौकट रिकामी. सुतळ्याही नाहीत.

शेजारीच आचाऱ्यांनी चुली मांडल्या होत्या. पाहुण्यांसाठी पुलाव चालला होता.

मी धावत हेडसरांना गाठलं. ते म्हणाले, "अहो बाई, प्रमुख पाहुणे त्याच बाजूनं येणार होते. बरं दिसलं असतं का ते? कचरा कचरापेटीत टाकला. लाकूड होतं ते आचाऱ्यांना दिलं, त्यांना कमीच पडत होतं."

"सर, त्या बॉबिन परत द्यायच्या होत्या. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"लक्षात नाही राहिलं हो. आज किती व्याप आहेत! पुढच्या वेळी लोकांना कळेल असं काहीतरी करा... सूर्योदय वगैरे."

परत आले तर आचाऱ्याकडून परबांना कळलेलं होतं. "जाळल्यानी?" एवढंच ते बायकोकडे बघून पुटपुटले. मग चुलीपाशी उकिडवे बसले. बॉबिनच्या टोकांना लोखंडी कड्या असतात, त्या तेवढ्या राखेत उरल्या होत्या. आचाऱ्याकडून झारा मागून त्यांनी एकेक कडी बाहेर ओढली, निवू दिली, आणि रुमालात बांधली. संगीता बाजूला उभी होती. रडली नाही. तिचं ते न रडणं अजून बघवत नाही मला.

तेवढ्यात हेडसर आले. त्यांना वाईट वाटलं असावं. परबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चुकून झालं हो. आता जेवूनच जा सगळे."

परब उठले. आवाज न चढवता म्हणाले, "आमच्याच लाकडावर शिजलंय ना, सर... घशाखाली नाही उतरायचं."

तिघंही गेले. आत हॉलमध्ये पाहुण्यांचं भाषण सुरू झालं होतं. विषय... मुलांच्या कलागुणांना वाव!

वसुधा त्यानंतर कुठल्याच शाळेत गेली नाही. मीही तिला परत बोलावलं नाही... कुठल्या तोंडानं बोलावणार होते?

हेडसर आता हयात नाहीत. वर्षानुवर्षं मी मनात त्यांच्याशी भांडत आले. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर माफ करणं सोपं गेलं असतं. पण त्यांनी मुद्दाम काहीच केलं नव्हतं... त्यांना तिथे खरोखरच लाकूड दिसलं होतं.