सात फ्लॉप्यांची पंगत

९ जून १९९६, रविवार. बारामतीतल्या एका संगणक क्लासात मी बाराशे रुपये भरले. हजर तिघं: क्लासचे सर, मी आणि माझी बायको. ती म्हणाली, "आता मधीच सोडायचं न्हाय, सांगून ठिवते." सोडण्याची सोय नव्हतीच. अंथुर्ण्याच्या दूध संस्थेत मी लेखनिक. तिथं संगणक येणार होता, आणि बिलांचा प्रोग्राम दिवाळीपर्यंत मीच लिहीन, असं मी भर बैठकीत बोलून बसलो होतो.

क्लास बारा रविवारांचा, दर वेळी दीड तास. व्हायरसच्या धास्तीनं सर दर शनिवारी चारही मशिनं पुसून कोरी करत. मग प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर रविवारी नव्यानं चढवायचं. त्याच्या फ्लॉप्या सात, संच एकच, एका फ्लॉपीला तीन मिनिटं. म्हणजे एका मशिनला एकवीस, चारांना चौऱ्याऐंशी. माझं मशिन चौथं. मला उरायची सहा मिनिटं. तेवढ्यात मी पडद्यावर स्वतःचं नाव उमटवायचो, की पुढची बॅच दारात. पाच रविवार असेच गेले. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, तुमचं नाव आता आमालाबी पाठ झालं."

सहाव्या रविवारी मी सरांना म्हणालो, पंगतीत एका पानावर सगळं जेवण वाढून मग दुसऱ्या पानाकडे कोण जातं? भात पुढं सरकतो, मागून आमटी येते. तशी पहिली फ्लॉपी निघाली की लगेच शेजारच्या मशिनला द्यायची. सगळं तीस मिनिटांत बसलं. पडद्यावरच्या इंग्रजी प्रश्नांना काय उत्तर द्यायचं, तेही मी मराठीत लिहून भिंतीला चिकटवलं.

तिथंच फसलो. फ्लॉप्या फिरवायला माणूस लागायचा. त्या झाल्या की कुणाचं तरी काहीतरी बिघडायचंच.

"काका, हितं अडकलं!"

"वाढपी काका, चार नंबरची कुठंय?"

सर हसून म्हणाले, "तुमच्याशिवाय पंगत उठत न्हाय आता. आजच्या पुढच्या दोन बॅचलाबी अडलं-नडलं बघायला थांबा की." नाही म्हणवेना. पुढं माझा प्रोग्राम अडला तर सरांशिवाय विचारणार कुणाला? मुलं तासभर लिहीत बसायची, मी त्यांच्या मागं वाकून उभा.

बारा रविवार संपले तेव्हा माझा प्रोग्राम अकरा ओळींचा होता आणि चालत नव्हता. मी संस्थेत जाऊन तसं सांगितलं. सचिव म्हणाले, "तात्या, बैठकीत तर लई जोरात बोलला व्हता!" शेवटी संक्रांतीपर्यंत मुदत मिळाली.

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी सर म्हणाले, "तुमच्याकडनं कसली फी घ्यायची? या तसंच." तसंच येणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मी सरांच्या हातात पुन्हा पूर्ण बाराशे रुपये रोख दिले, विद्यार्थी म्हणून पावती घेतली आणि पहिल्या मशिनवर जाऊन बसलो.