डबल बेल

आजवर कुणाला सांगितलं नाही. गोंडपिपरीच्या फाट्यावर एक माणूस कुबड्या टेकत येताना दिसला, की उशीर नको म्हणून मीच, एसटीचा कंडक्टर, डबल बेल द्यायचो. गाडी निघून जायची.

एका बाजाराच्या दिवशी तो सरळ रस्त्यात उभा राहिला. करकचून ब्रेक लागला. तो ड्रायव्हरवर कडाडला, "आत अपंगासाठी सीट राखून ठेवता, अन् गाडी काऊन नाई थांबवत? सीट का घरी आणून देता?"

अख्खी गाडी हसली, टाळ्या पडल्या! लोक हात द्यायला धावले, तर म्हणाला, "मले उचलू नोका जी. गाडी तेवढी उभी ठेवा." दांडा धरून तो स्वतः चढला आणि ऐटीत आपल्या सीटवर बसला.

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी तिकिटं फाडत राहिलो. बेल माझी होती, हे त्या माणसाला सांगणं अजून बाकी आहे.