गटारवेडी

सिंगापुरातल्या गटारांवर माझ्या भाचीइतकं प्रेम आजवर कुणी केलेलं नाही, आणि यापुढे कुणी करेल असंही मला वाटत नाही. इथली गटारं म्हणजे रुंद, स्वच्छ, काँक्रीटची, हे कबूल. पण म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत उभं राहत नाही. पाऊस कोसळला की तिची सगळी बिशान वसाहत आडोशाला पळते, ही मात्र छत्री घेऊन खाली उतरते, पाणी कुठवर चढलं ते बघायला. एका हळदीकुंकवाला ती पैठणी नेसून कॉन्डोमागच्या गटाराच्या जाळीवर ओणवी झालेली सापडली होती. आम्ही सगळे पुलाउ उबीन बेटावर सायकली फिरवायला गेलो, तेव्हा तर कमालच झाली. परतीची बोट बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. अकरा जण बोटीत घामाघूम होऊन बसलेले, आणि बारावी बाईसाहेब रस्त्याकडेच्या मोरीपाशी उकिडव्या! मी ओरडत गेलो, तर मलाच म्हणाली, "मामा, come, see! भरती आलीय, पाणी उलटं चाललंय!" नाइलाजाने मी पाहिलं. खरंच उलटं चाललं होतं.

अशी ही मुलगी कॉम्प्युटर सायन्स शिकत होती. कारण विचाराल तर काही नाही. तिचे बाबा कॉम्प्युटरवाले, माझी बहीण कॉम्प्युटरवाली, मीही तोच. घरात दुसरं काही शिकता येतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शाळा संपल्यावर मोठ्या, नावाजलेल्या विद्यापीठाने तिला नाकारलं, तेव्हा जिथे सहज प्रवेश मिळाला तिथे ती गेली. आणि दोन वर्षांनी एके दिवशी जेवताना तिने जाहीर केलं, की हे सोडून पर्यावरण अभियांत्रिकीला जायचंय, आणि तेही ज्यांनी नाकारलं त्यांच्याकडेच. बहिणीच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. विषयच बदलणार, म्हणजे झालेली दोन वर्षं पाण्यात. आणि पुन्हा नकार आला तर? "आधी पदवी हातात घे," बाबा म्हणाले, "मग हवी तेवढी गटारं बघ."

"बाबा, मार्क्स चांगले आहेत माझे, I'm not failing what," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "पण सकाळी उठावंसंच वाटत नाही, lah." बाबांनी अर्जाची शेवटची तारीख विचारली.

अर्जासोबत स्वतःविषयी दोन पानं लिहायची होती. बहीण म्हणाली, "दादा, तू लिही, तुझा हात बसलाय." माझा हात बसला होता तो इथल्या मराठी मंडळाच्या वधूवर सूचीवर! मी मन लावून लिहिलं: कुटुंब सुसंस्कृत, वडील उच्चपदस्थ, उंची पाच फूट तीन इंच, स्वभाव मनमिळाऊ, आजोळ सातारा. ते वाचून भाची सोफ्यावरून घसरून जमिनीवर बसली. "मामा, they're admitting me, not marrying me!" मग डोळे पुसून तिने स्वतःच लिहिलं. आपल्या इमारतीमागच्या एकाच गटाराबद्दल दोन पानं. पाऊस पडल्यावर किती मिनिटांत भरतं, कधी तुंबतं, का तुंबतं. मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथे कुणीतरी विचारलं, "या वेळीही नाही म्हटलं तर?" ही म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा येईन. गटार कुठे पळून चाललंय?"

घेतलं तिला. पण पहिल्या वर्षापासून. दोन वर्षांतलं जवळजवळ काहीच धरलं नाही. बहीण आनंदाने रडली की त्या दोन वर्षांसाठी, ते मी विचारलं नाही. बाबा बाहेर गेले आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन आले.

पहिल्या दिवशी मी टॅम्पिनीसच्या माझ्या घरून मुद्दाम तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. वर्गातली मुलं दोन वर्षांनी लहान असणार, म्हणून ती बॅगेचा बंद उगाच सारखा करत होती. बिशान स्टेशनच्या फलाटावर तिने एकदम विचारलं, "मामा, तुला खरं काय शिकायचं होतं?"

तीस वर्षं मी कॉम्प्युटरसमोर बसतोय. हा प्रश्न मला वडिलांनी विचारला नाही, बायकोने नाही, मी स्वतःही नाही.

"इतिहास," मी म्हणालो, आणि मला फार बरं वाटलं, थोडं वाईटही.

"मग?" ती म्हणाली.

तेवढ्यात गाडी आली. ती आत शिरली, दारं लागली. आणि गाडी हलेपर्यंत ती काचेतून माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.