कुंपणामागचा ताटवा

माझ्या शेजारणीच्या, मासिबियांच्या, गुरांच्या कुंपणामागे ठिपक्यांच्या कोरफडीचा ताटवा आहे. तशी ती आमच्या डोंगरभर उगवते. सावलीत पानं लांब आणि हिरवी, उन्हात आखूड आणि विटकरी. कड्यावरच्या उंच कोरफडीशी तिचा संकर होतो, शिंजीर पक्षी इकडचे पराग तिकडे नेतात, म्हणून डोंगरावर दोन रोपं सारखी मिळत नाहीत. या ताटव्यात मात्र प्रत्येक रोप सारखं. ते बियांतून आलेलं नाही. एकाच रोपाच्या बुडाशी पिल्लं फुटत गेली.

या ताटव्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. बाकी डोंगरावरची पानं त्यांनी जन्मभर कापली. वासराला हगवण लागली, पोराला सर्दी झाली, की खोऱ्यातल्या बायका त्यांच्या दारात. फक्त मुलाचं अंगावरचं दूध तोडायला त्या पान देत नसत. आमच्याकडे सगळ्या तसंच करतात. पान मोडून पिवळा रस स्तनाला चोपडायचा; मूल एकदोनदा तोंड लावतं, मग लावत नाही.

"त्यासाठी नदीकाठच्या म्हातारीकडे जा," एवढंच म्हणायच्या.

परवा त्यांची सून नोक्वाझी माझ्या चुलीपाशी येऊन बसली. तिला डर्बनला हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं होतं. सोमवारी निघायचं, राहायचं तिथेच, आणि तिचं पोर, लुंगा, अजून अंगावर पीत होतं.

"काकू, तुम्ही सांगा ना त्यांना. मी विचारलं तर म्हणतात, पिऊ दे. पिऊ दे म्हणजे काय? दूध टॅक्सीने पाठवू?"

"तूच का नाही लावत?"

"तेच करणार आहे. कुंपणामागे एवढी माजलीय."

मी नको म्हणेपर्यंत ती उठून गेली.

दुपारी लुंगाचं रडणं आमच्या अंगणात ऐकू आलं. मी धावले. नोक्वाझी भिंतीला टेकून बसली होती, हात पिवळे झालेले. पोर तिच्या मांडीवरून मागे सरकत होतं आणि तिच्याकडे पाहत रडत होतं. मासिबिया गरम पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन आल्या. सुनेची छाती स्वतः धुऊ लागल्या, पुन्हा पुन्हा, कातडी लाल होईपर्यंत.

"आई, पुरे. आग होतेय."

"जात नाही तो वास."

"कुठला वास? आई, तुम्हाला मला जाऊच द्यायचं नाही ना?"

मासिबियांनी फडकं पिळलं. "माझ्या लेकीला, बुयीला, मी असंच तोडलं होतं. उसाच्या मळ्यावर जायचं होतं मला. तोडलं आणि दुसऱ्या दिवशी गेले. माझ्या मागे ती तापाने गेली. सासूबाई म्हणाल्या, पेजसुद्धा तोंडात घेईना, चमचा पाहिला की मान फिरवायची." त्यांनी कुंपणाकडे पाहिलं. "तिला तिथे पुरलं, तिच्यावर लावायला तेच रोप आणलं मी. दुसरं काही सुचलं नाही. मी कडूच आहे असं समजून गेली ती."

नोक्वाझीने लुंगापुढे हात पसरले. बऱ्याच वेळाने लुंगा सरकत आईजवळ आला, वास घेतला, आणि प्यायला.

"पोटभर पाज," मासिबिया म्हणाल्या. "आणि सोमवारी जा. त्याला सांगून जा. पुढचं माझ्याकडे."

सोमवारी टॅक्सी गेली. मी दुपारी अमासीचं, आंबवलेल्या दुधाचं, भांडं घेऊन त्यांच्याकडे गेले. मासिबिया दारात बसल्या होत्या, पोलक्याची बटणं उघडी. लुंगा त्यांच्या वाळलेल्या छातीला तोंड लावून होता. त्यात काही नव्हतं, तरी ओढत होता. त्या हलक्या आवाजात त्याला बोलावत होत्या.

"बुयी, बुयी."

"मासिबिया," मी म्हटलं, "लुंगा आहे तो."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"त्याच्या नावाने हाक मारली तर रडतो," त्या म्हणाल्या. "या नावाने मारली की माझ्याकडे बघतो."

लुंगाने छाती सोडली आणि त्यांच्याकडे पाहिलं. मी भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि घरी आले.