समोरून दिसलेली घळ

कचेरीत तिला सगळे घार म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त तिच्यासमोर बसून काम करणाऱ्या मास्तरांची, बाकीचे पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. उपग्रहाने वरून काढलेले जमिनीचे फोटो बघायचे, त्यांत काय काय आहे ते ओळखायचं आणि पेन्सिलीने रेघा मारायच्या, हे तिचं काम. इथे नदीने पूर्वी वाट बदलली, इथे दरड कोसळून डोंगराचा लचका गेला, हा करडा डाग म्हणजे वाळू, तो शेजारचा म्हणजे खडक. ज्या गावांचं तिने कधी तोंड पाहिलं नव्हतं, त्यांच्या मागच्या ओढ्यांची वळणं तिला पाठ होती. स्वतःच्या गल्लीत कोण नवीन राहायला आलं, याचा मात्र तिला पत्ता नसे. दिव्याखाली अंधार तो हाच, असं मास्तर म्हणायचे.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. माणसाच्या डोळ्यांना एक खोड आहे. उजेड वरूनच येतो, असं ते धरून चालतात. त्या मुलखात सूर्य दक्षिणेकडून तळपायचा, त्यामुळे उत्तर वर ठेवून फोटो समोर धरला की सावल्या वरच्या बाजूला पडलेल्या दिसत आणि डोळे हमखास फसत. दरी उंच दिसे, डोंगर खोल दिसे. शिकलेसवरलेलेही फसत, कारण यात अकलेचा संबंधच नाही. म्हणून कचेरीत एक रीत होती. फोटो टेबलावर आला की आधी उलटा फिरवायचा, सावली आपल्या बाजूला येईल अशी अंगावर घ्यायची आणि मगच पेन्सिल उचलायची.

दुसरी रीत पडताळ्याची. टेबलापलीकडे मास्तर बसायचे. त्यांना तोच फोटो समोरून, म्हणजे उलटा दिसे. तिने टेकडी म्हटलं की त्यांनी खड्डा म्हणायचं. दोघांचं पटलं नाही तर काम बरोबर. दोघांना एकच दिसलं, तर कुठेतरी पाणी मुरतंय असं समजून पुन्हा पहिल्यापासून बघायचं. भांडण झालं की काम पक्कं, अशी जगात ही एकच कचेरी असेल, असं मास्तर चहा पिताना सांगत. चहा अर्थात खिडकीपाशी. टेबलाजवळ कुणी कप आणला तर घार त्याला डोळ्यांनीच खाऊन टाकायची.

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले आणि पोर तिच्या पदरात पडलं. स्वतःच्या लग्नाचा विषय तिने आज-उद्या करत मागे टाकला, तो मागेच राहिला. कचेरीतले वाया गेलेले फोटो ती घरी आणायची. धाकटा त्यांच्या पाठीमागे गणितं करायचा. गणितं संपली की दोघांचा खेळ सुरू व्हायचा: टेकडी की खड्डा. जेवणाच्या टेबलावर ती अलीकडे, तो पलीकडे. चुकला की टपली बसायची. तो बऱ्याचदा मुद्दाम चुकायचा, हे तिला फार उशिरा कळलं.

तो मोठा झाला, गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. भाड्याच्या दोन खोल्यांत ओल होती आणि पोरीला सारखा खोकला. तेव्हा शहराबाहेरच्या उजाड उतारावर नवी वस्ती होणार होती. त्याच्या आवाक्यातल्या जागा दोनच होत्या. एका रविवारी तो छापून आणलेला फोटो घेऊन बहिणीकडे आला. त्यावर पेनाने दोन गोल काढले होते. तिने बोट ठेवायचं आणि त्याने तीच जागा घ्यायची, इतकं साधं ठरलं होतं.

तिने फोटो घेतला आणि टेबलावर ठेवता ठेवता उलटा फिरवला. आयुष्यभर तिने दुसरं केलं काय होतं? हात डोळ्यांच्या आधी चालला. छापणाऱ्या दुकानदाराने कडेचा मजकूर कापून टाकला होता, त्यामुळे वर काय नि खाली काय हे सांगणारं फोटोवर काही उरलं नव्हतं. नुसती झुडपं आणि माती. एक गोल तिला डोंगरातून उतरलेल्या रुंद सोंडेवर दिसला, दुसरा शेजारच्या घळीत. तिने सोंडेवर बोट ठेवलं. पाणी दोन्ही अंगांनी निघून जाईल, वारा येईल, पोरीचा खोकला जाईल, असं सगळं तिने एका दमात सांगितलं.

भाऊ टेबलापलीकडे नेहमीच्या जागी बसला होता. त्याने मान वाकडी करून पाहिलं.

"ताई, मला तर इथून तीच घळ दिसतेय."

"दिसणारच," ती म्हणाली. "तू उलट्या बाजूला बसलायस."

आणि ती निर्धास्त झाली. समोरच्याला घळ दिसतेय म्हणजे आपली सोंड पक्की, हे तर रोजचंच गणित. या पडताळ्यातून दोघांपैकी एक चुकतोय एवढंच कळतं. कोण चुकतोय, ते सावली बघून ठरवावं लागतं. सावलीकडे तिने त्या दिवशी पाहिलं नाही. भावानेही पुन्हा तोंड उघडलं नाही. ताईपुढे शहाणपणा करणाऱ्यांतला तो नव्हता.

घर झालं. तीन खोल्या, वर गच्ची, पुढे लोखंडी फाटक. भावजय हौशी, तिने दाराला निळा रंग दिला. पोरीचा खोकला खरंच गेला. घार सुट्टीला तिथे जाऊन बसायची आणि आपल्या नजरेचं मनातल्या मनात कौतुक करून घ्यायची. घराच्या मागे उतार जरा जास्तच जवळ येतो, असं तिला एकदोनदा वाटलंही. पण स्वतःचा शब्द खोटा पाडायला कुणाचे डोळे धावतात?

पुढे कधीतरी त्या बाजूचे नवे फोटो कचेरीत आले. तिने रीतीप्रमाणे फोटो फिरवला, सावली अंगावर घेतली, रेघ ओढू लागली. डोंगरातून एक रुंद, उथळ घळ उतरत होती, आणि तिच्या ऐन तळाशी तांदळाएवढा पांढरा ठिपका होता. ती भावाची गच्ची. शेजारची सोंड उन्हात कोरडी ठाक पडलेली, तिच्यावर दुसऱ्या कुणाचं घर. मास्तरांनी समोरून सांगितलं, की त्यांना मधे उंच दिसतंय. म्हणजे मधे खोल होतं. काम बरोबर होतं. तिच्या हातातली पेन्सिल कागदावर नुसती टेकून राहिली. डोकं दुखतंय असं सांगून ती उठली.

ती थेट भावाच्या दुकानावर गेली आणि त्याला बाहेर बोलावलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने मान हलवली. त्याला माहीत होतं. पाया खणताना गोल गुळगुळीत गोटे निघाले होते, आणि असे गोटे पाण्याशिवाय कोण घडवतं? शिवाय आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. त्या रविवारी फोटो त्याने आधीच फिरवून तिच्या हातात दिला होता. लहानपणापासूनची सवय, आणि ताईला तेवढाच कमी त्रास. तिने तो पुन्हा फिरवून सावल्या परत वर नेल्या, तेव्हा सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. मग वाटलं, तिने मुद्दामच फिरवला असेल, तिला आपल्यापेक्षा कळतं.

ती म्हणाली, घर विक. तो म्हणाला, कुणाला विकू? घ्यायला येणाऱ्याची बायकापोरं काय आभाळातून पडली आहेत? वरच्या अंगाला तो जाड भिंत घालणार होता. पाण्याला एकदा वाट काढून दिली की झालं.

"फक्त हिला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "तिला त्या घरात शांत झोप लागते."

घार गप्प बसली. पहिली चूक डोळ्यांची होती, तिला माफी असेल. ही दुसरी मात्र तिने चांगल्या उघड्या डोळ्यांनी केली. भावजयीला सांगितलं असतं, तर ती पोरीला घेऊन त्याच दिवशी बाहेर पडली असती आणि तिच्यामागून तोही आला असता. पण सांगायचं म्हणजे घारीने घारपण सोडायचं, आणि ते तिच्याच्याने झालं नाही. भावाने शब्द मागितला होता, या सबबीआड ती लपून राहिली.

भिंत उभी राहिली. काही पावसाळे तिने पाणी अडवलं, वळवलं. माणूस अशाने निवांत होतो. मग एका वर्षी पाऊस लागला तो उघडेचना. एका सकाळी घळीतून लाल पाणी उतरलं. भावाने बायकोला आणि मुलीला गच्चीवर चढवलं आणि स्वतः भिंतीला टेकू द्यायला मागे गेला. त्यानेच रचलेली ती भिंत अख्खी त्याच्या अंगावर आली. पाणी ओसरल्यावर तो बराच खाली, झुडपांत सापडला. ओळख पटवायला घार गेली. आयुष्यभर सगळं लांबून ओळखलेल्या बाईला हे जवळून ओळखावं लागलं.

भावजय आणि भाची तिच्याकडे राहायला आल्या. घरात तीन बायका आणि एकीलाही दुसरीकडे बघवेना. भाची बोलायचीच बंद झाली. भावजयीच्या डोळ्याला पाणी नव्हतं. भांडी घासताना ती भांड्यांवर राग काढायची. एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने नवऱ्याचा शर्ट उचलला आणि कोपऱ्यात जमिनीवर टाकून दिला; तो मग तिथेच पडून राहिला.

"रडू कसं येईल मला, ताई?" ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणत होता ती जागा. त्या सकाळी गच्चीवर चढवताना त्याने स्वतः सांगितलं मला. ताई नको म्हणाली, पण माझाच हट्ट होता म्हणाला. त्याच्या हट्टापायी पोर बापाला मुकली."

भाची दारात उभी राहून ऐकत होती.

घारीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिची चूक त्याने जिवंतपणी अंगावर घेतली होती आणि मेल्यावरही तोच शिव्या खात होता. आता खरं सांगितलं, तर या दोघी उठून जातील. त्यांच्याशिवाय तिला कोण होतं? नाही सांगितलं, तर पोर बापाचा राग धरून मोठी होईल. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कचेरीत रेघा वाकड्या येऊ लागल्या. मास्तरांनी खोडरबर पुढे सरकवला.

रविवार उजाडला. तिने कपाटातून तो जुना फोटो काढला, पेनाचे दोन गोल असलेला, आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. भावजयीला पलीकडच्या खुर्चीवर बसवलं. भाचीलाही हाक मारली; ती आईच्या खुर्चीमागे उभी राहिली. घारीने फोटो त्या दिवशी होता तसा ठेवला. या गोलाची जागा तुमची, असं बोटाने दाखवलं.

"इथे तुला काय दिसतं?"

भावजयीने पदराने हात पुसले आणि वाकून पाहिलं. तिने असा फोटो जन्मात पाहिला नव्हता.

"खोलगट आहे," ती म्हणाली. "घळ आहे ही. आता मला कशाला दाखवताय?"

"मला इथून उंच दिसलं. मी म्हटलं, हीच जागा घे. त्याने हट्ट केला नाही. बोट मी ठेवलं. नंतर मला कळलं, तेव्हाही मी तुला सांगितलं नाही."

भावजयीने फोटो उचलला नाही, फिरवला नाही.

"तेव्हा तो कुठे बसला होता?"

"तू बसलीयस तिथे."

"म्हणजे त्याला दिसली होती."

"दिसली होती. बोललाही होता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

घारीने ते सांगितलं. शब्द न् शब्द, जसा होता तसा.

भावजयीने कपाळ टेबलावर टेकलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती नवऱ्यासाठी रडली. भाचीने आईच्या खांद्यावर हात ठेवला. घारीला पुढे होऊन दोघींना जवळ घ्यावंसं वाटलं, पण मधे टेबल होतं आणि ती आपल्या बाजूलाच बसून राहिली. दुपारी त्या दोघींनी कपडे भरायला घेतले. भाचीने बापाचा शर्ट जमिनीवरून उचलला, झटकला आणि सगळ्यांत वर ठेवला.