मेली म्हणून लिहिलेली बादली

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल, एवढी हुशार बाई आणि हा तिचा भाऊ? हो, भाऊच. मी नववीत शाळेला रामराम ठोकला आणि टेम्पो धरला. तिनं शाळा धरली ती सोडलीच नाही. आमच्या अख्ख्या खानदानात विमानात बसलेली पहिली तीच. घरात तिला मापटी म्हणतात. उंचीनं धान्य मोजायच्या मापट्याएवढीच, आणि दिसेल ते मोजत सुटायची लहानपणापासूनची खोड.

ही मापटी आता दूरच्या शहरात एका मोठ्या संस्थेत कामाला आहे. पूर आला, भूकंप झाला, लढाई पेटली, की उघड्यावर पडलेल्या माणसांना तंबू, पांघरुणं, बादल्या पाठवणारी संस्था. आणि हिचं काम काय, तर त्या वस्तूंचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशोब मांडायचा. बादली कशापासून झाली, कारखान्यानं किती वीज खाल्ली, जहाजानं किती धूर सोडला, माणसांनी ती किती दिवस वापरली, शेवटी कुठल्या उकिरड्यात गेली. या सगळ्याचा हवेवर, पाण्यावर, जमिनीवर भार किती, ते काढायचं. म्हणजे खरेदी शहाणपणानं करता येते. आमच्या टेम्पो स्टँडवर हे मी सगळ्यांना सांगितलंय. दोनदोनदा.

पण तिच्या ऑफिसात ते कुणाला पटत नव्हतं. तिथं तिचं नाव पडलं होतं कुंडलीबाई.

"काय कुंडलीबाई," खरेदीचे साहेब जाताजाता विचारायचे, "नव्या बादलीला मंगळ आहे का?"

"साहेब, अहवाल तयार आहे."

"किती पानं?"

"ऐंशी."

"अहो, मला लग्न लावायचंय. मुलगी कोणती ते सांगा, तिचं खानदान नका ऐकवू!"

सगळे हसायचे. तीही हसायची, आणि जागेवर येऊन बसायची. तिच्या टेबलासमोर दुसरी खुर्ची होती. कुणी विचारायला आलं तर बसावं म्हणून ठेवलेली. कुणी येत नसे. रिकामी खुर्ची डोळ्यांत खुपते म्हणून मापटी तिच्यावर आपली पिशवी ठेवायची.

खोलीवरही तेच. चौथ्या मजल्यावर एक खोली, खिडकीखाली गाड्या लावायची जागा. जेवण ओट्याशी उभ्यानंच. एकटीसाठी काय ताट मांडायचं? सोमवारी ऑफिसात पहिला शब्द बोलताना तिचा घसा खरखरायचा, कारण शुक्रवारनंतर तो वापरलेलाच नसायचा. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं, तेही मी खनपटीला बसलो म्हणून.

तिचे आधीचे दोन्ही अहवाल ऑर्डर गेल्यावर पोचले होते. वरून निरोप आला होता, की या खेपेला काही उपयोग दिसला नाही तर हे टेबलच बंद करू. या खेपेला बादल्या होत्या. झाकणाच्या, खाली तोटी असलेल्या, पिण्याचं पाणी साठवायच्या. जाड घ्यायची की पातळ, एवढाच प्रश्न होता, आणि बैठक तोंडावर आली होती.

मापटीचं गणित एका जागी अडत होतं. बादली जगते किती? वाटपाच्या नोंदी सांगत होत्या, की वर्षाच्या आत लोक नवी मागतात. म्हणून तिनं आयुष्य लिहिलं होतं एक वर्ष. नवी मागितली म्हणजे जुनी मेली. पण तिच्या मनाला काही ते पटेना. जाड असो की पातळ, दोन्ही सारख्याच लवकर कशा मरतील?

शेवटी रजा टाकली आणि सामानाच्या ट्रकमधून निर्वासितांच्या वस्तीवर गेली. एकटीच. पहिल्याच रांगेत एक आजी दारात बसली होती.

"आजी, तुमची जुनी बादली कुठे गेली?"

"जाईल कुठे? ही काय." आजी जरा बाजूला सरकली. बादली उपडी घालून ती तिच्यावरच बसली होती! धडधाकट बादली. फक्त खाली तोटीच्या जागी भोक.

"मग नवी का मागितली?"

"मी कुठं मागितली? मी तोटी मागितली. ते म्हणाले, तोटी मिळत नाही, बादली न्या."

मापटी एकेक घर बघत निघाली. पुढच्या घरात तशीच बादली, भोकात चिंधी कोंबलेली, आत कपडे. त्याच्या पुढच्या घरात पीठ, वर तडकलेलं झाकण. कागदावर तिनं मारून टाकलेल्या बादल्या घरोघरी जिवंत होत्या.

परत येताना आजीनं हाक मारली. "बस घटकाभर. एवढ्या लांब एकटीच आलीस?"

"हो."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही."

आजी उठली, आणि आपली बादली तिच्याकडे सरकवली. मापटी तिच्यावर बसली, आजी शेजारी जमिनीवर टेकली. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या.

बैठकीत तिनं टेबलावर वस्तीवरून आणलेली, तोटी नसलेली बादली ठेवली आणि एकच कागद पुढं केला. त्यावर दोन ओळी. नव्या बादल्या निम्म्याच घ्या. तोट्या आणि झाकणं सुटी घ्या.

"आणि कुंडली?" साहेब म्हणाले.

"मागे जोडलीय. वाचली नाही तरी चालेल. त्यात बादलीचं आयुष्य मी चुकीचं धरलं होतं, ते सुधारलंय. जाड असो की पातळ, आधी मोडते ती तोटीच. मेली म्हणून लिहिलेल्या बादल्या जिवंत आहेत."

"घ्या! आता भुताटकी पण!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघू." आणि पुढचा विषय निघाला, तंबूंचा.

संध्याकाळी तिनं मला फोन केला. मी स्टँडवरच होतो. म्हटलं, "मापटे, आत्ताच सांगत होतो सगळ्यांना, आमच्या बहिणीनं पास केल्याशिवाय तिकडं बादली हलत नाही!"

ती म्हणाली, "हो दादा." मग वहिनीला विचारलंय म्हणून सांग म्हणाली आणि फोन ठेवला. ओट्याशी उभ्यानं दोन घास खाल्ले. टेबल आवरायला खोका कुठून आणायचा, याचा विचार करत पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात पोचली, पिशवी खुर्चीवर ठेवली, आणि बघते तर खरेदीचे साहेब समोर उभे. दोन्ही हातांत एकेक तोटी.

"कुंडलीबाई," ते म्हणाले. मग जरा चाचरले. "ताई, यातली कुठली जास्त जगेल? दुपारी ऑर्डर टाकायचीय, तुम्हाला विचारल्याशिवाय टाकत नाही."

मापटीनं घसा साफ केला. खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "आधी दोन्ही उघडून बघू."