आपल्या शहराचे पेशंट

ज्या ऑफिसात हसण्यासारखं काही नसतं, तिथेच किस्से जास्त साचतात. आमचं ऑफिस कॅन्सर नोंदणीचं. जळगाव शहरात कोणाला, कोणत्या वयात, कुठला कॅन्सर होतो ते मोजायचं. चहाला बसलं की एकेक निघतो.

पत्ता पक्का करायला एकांना फोन केला. "मी धुळ्याचा, पण जळगावातच लिहा साहेब! धुळ्यात मुलीला स्थळं येताहेत."

आमचे सीनियर नाना म्हणाले, "मग जळगावात काय कोणाला मुली नाहीत?"

*

माझ्या थोरल्या भावाच्या, आबांच्या छातीत गाठ निघाली. स्तनाचा कॅन्सर. पुरुषांना क्वचितच होतो. एरंडोलजवळच्या आमच्या गावी लाजेपायी त्यांनी चारचौघांत बनियन काढणंच सोडलं होतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं.

तपासणीच्या रांगेत सगळ्या बायका. सिस्टर ओरडल्या, "पेशंटनी आत या, नवऱ्यांनी बाहेर थांबा!"

आबा गुपचूप बाहेर जाऊन बसले. वहिनींना आत घेतलं!

*

हॉस्पिटलमधून आबांची माहिती आमच्याकडे आली. नवी ऑपरेटर उत्साहाने सांगत आली, "सर, चूक सापडली! पुरुष लिहिलं होतं, मी स्त्री केलं."

"पुन्हा पुरुष कर," नाना म्हणाले. मग पत्ता वाचून माझ्याकडे वळले. "हे तुझ्या घरी कधीपासून?"

"पोळ्यापासून."

नानांनी चष्मा काढून ठेवला. शहरात वर्षभर राहिलेला असेल तोच आपल्या शहराचा पेशंट, हा आमचा नियम. आमच्या गावाची मोजणी कोणीच करत नाही.

*

आबा रोज विचारायचे, "तुनी मोजणीमा मी शे का नही?" गड्यांनाही हा रोग होतो हे लोकांना दिसलं, तर पुढचा माणूस लाजून घरी बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी त्यांना आणि वहिनींना नियम सांगितला.

केस गेलेल्या डोक्यावर टोपी नीट करत ते म्हणाले, "मंग वरीसभर ऱ्हासू मी!"

*

आबा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधीच गेले.

पुढे मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी पडद्यावर तक्ता दाखवला. स्तनाच्या कॅन्सरपुढे पुरुषांचा रकाना रिकामा. "या बाबतीत आपलं शहर नशीबवान!" टाळ्या पडल्या. नानांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

*

वहिनी सामान न्यायला आल्या. आबांचे कपडे, टोपी, औषधं, सगळं पिशवीत भरलं. चपला तेवढ्या दाराशी राहिल्या. मी त्या उचलून द्यायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," वहिनी म्हणाल्या. "वरीस भरू द्या."